कातळावरचा माझा आठवडा

कातळावरच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला ह्यांची आठवणच झाली नाही. झाली तेव्हा मी एका खुरट्या काजूखाली पाय पसरून बसले होते, हातात भाजलेला सुका बांगडा होता आणि मी हसत होते. कशाला हसत होते तेही आता आठवत नाही.

हे म्हणजे माझा नवरा. चिऱ्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तेव्हापासून ह्यांना उठवणं, न्हाणीत नेणं, अंग पुसणं, पेज भरवणं, कूस बदलणं सगळं माझ्याकडे. माझ्यावर कोणी लादलं नव्हतं. मीच दुसऱ्याच्या हाती देत नव्हते. दोन वर्षांत ह्यांना विसरून एक घटकाही गेली नव्हती, आणि इथे अर्धा दिवस गेला. मी बांगडा कागदात गुंडाळून ठेवला.

"काय झालं ताई, जेवत का नाही?" शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं.

"ऊन लागलं," मी म्हटलं. ऊन काही लागलं नव्हतं.

डोंगराच्या माथ्यावरच्या सपाट जागेला आमच्याकडे सडा म्हणतात, कोणी नुसतं कातळ म्हणतात. पावसाळ्यात तिथे गवत आणि फुलं. एप्रिलात काळा-तांबडा जांभा दगड, वाळून पिवळं झालेलं गवत, आणि ऊन. ऊन वरून जेवढं पडतं तेवढंच खालून येतं. चपलेतून टाच भाजते. पाणी म्हणाल तर खाली वाडीत उतरावं तेव्हा. आमच्यातलं शहाणं माणूस त्या दिवसांत दुपारी कातळावर जात नाही. आणि त्या चौघी मुद्दाम त्याच्यासाठी पुण्याहून आल्या होत्या.

चौघी साठीच्या आसपासच्या. येत्या हिवाळ्यात त्यांना राजस्थानच्या वाळवंटातून, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, कितीतरी दिवस चालायचं होतं. त्याआधी उन्हाची आणि तहानेची सवय व्हावी म्हणून जामसंड्यापासून मालवणपर्यंत, सड्यासड्यावरून आठवडाभर चालून बघायचं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या शेजारच्या घरी पाहुणे उतरतात, तिथे मी सकाळी घावणे करून द्यायला जाते. त्या तिथेच उतरल्या होत्या. चौघींत जी पुढारी, तिला मी बाई म्हणायचे, शाळेतल्यासारखं. त्यांनी विचारलं, कातळावर पाण्याच्या जागा माहीत असलेलं, स्वयंपाक जमणारं बाईमाणूस मिळेल का. घरवाल्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझं माहेर जामसंड्याच्या बाजूला. चौथीत शाळा सुटली ती कातळावर गुरांमागे फिरायला. कुठल्या बागेत टाकी, कुठल्या घळीत उन्हाळ्यातही झरा असतो, हे मला ठाऊक होतं. मी खाली मान घालून उभी राहिले. नाही म्हणायचं मनात होतं, पण नाही म्हटलंच नाही.

आमच्या गावात मोठं काम देवाला विचारल्याशिवाय कोणी करत नाही. लग्न असो, विहीर असो, घर सोडून लांब जाणं असो. गुरव देवाच्या अंगाला ओल्या कळ्या लावतो, आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याला कौल घेणं म्हणतात. मी त्यासाठी देवळाच्या पायरीपर्यंत गेले. चपला काढल्या. मग मनात आलं, डावी पडली तर संपलं. चपला परत घातल्या आणि घरी आले.

माझ्या मागे ह्यांना बघायला माझी नणंद आली. ह्यांची धाकटी बहीण, कसालच्या बाजूला दिलेली. ऐन काजूच्या दिवसांत आली. तिच्याकडे काजी पिकून खाली पडत होत्या, त्या सासूवर सोडून आली.

"चार बाईल मानसा, घरादारा सोडून, कातळार?" पिशवी ठेवता ठेवताच ती म्हणाली. "तेंका घरात कोण विचारना नाय काय गो? आनी तू खंय चललंस तेंच्या फाटसून?"

"येतंय आठ दिवसात."

"कौल झालो मा?"

"झालो," मी म्हटलं. एकच शब्द, पण देवाच्या नावाने.

मग मी तिला सांगत सुटले. पेज पातळ करायची. मासे द्यायचे नाहीत, वातूळ काही नाही. खुर्चीतून एकट्याने उठू द्यायचं नाही. भरवताना डाव्या गालात घास द्यायचा, उजव्या गालात राहतो. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"वयनी, तो माजो भाव आसा. तुज्याआदी माका तो म्हायत आसा. जा आता, नायतर गाडी चुकात."

ह्यांना सांगायला गेले तर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. झोप लागली असेल, असं मी मनाला सांगितलं.

कातळावरचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. बिनदुधाचा चहा, त्यात गूळ. तंबू गुंडाळायचे, पाठीवरच्या पिशव्यांत कोंबायचे. मलाही त्यांनी एक पट्ट्यांची मोठी पिशवी दिली होती. तिच्यात तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, सुके बांगडे, कांदे, कोकमाचं आगळ, मीठ. सासरी गेलेल्या लेकीचा घरी राहिलेला पंजाबी ड्रेस मी आयुष्यात पहिल्यांदा घातला होता. पहिल्या दिवशी ओढणीने सगळं अंग झाकायला बघत चालले. दुसऱ्या दिवशी ती ओढणी डोक्याला बांधली. बघायला होतं कोण, टिटव्या.

ऊन चढायच्या आधी चालून घ्यायचं. मग चार काठ्यांवर एक कापड ताणून त्याच्या सावलीत दुपार काढायची. उन्हं कलली की पुन्हा चालायचं. प्रत्येकीचं पाणी तिच्या पाठीवर, आणि संध्याकाळपर्यंत ते पुरवायचं. वाळवंटात असंच असतं, बाई सांगायच्या. तिथे जेवल्यावर ताट धुवायचं नाही, कागदाने पुसायचं. मला ते झेपेना. उष्टं ताट पुसून त्यातच पुन्हा जेवायचं? पहिल्यांदा मी माझ्या वाटणीच्या पाण्यातलं चुळकाभर घेऊन पाचही ताटं विसळली आणि संध्याकाळी घसा कोरडा घेऊन चालले. बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांनी आपली बाटली पुढे केली. त्यानंतर मीही ताट पुसायला लागले.

तांदूळ मात्र धुतल्याशिवाय मी शिजवला नाही. थोडक्या पाण्यात धुवायचा आणि त्याच पाण्यात कुळथाची पिठी करायची. कांदा, मिरची, आगळ, वर सुकट. चौघींतली चष्मेवाली एक होती, तिला सारखी थट्टा सुचायची. सुकट भाजायला घेतली की नाक धरून म्हणायची, "ताई, तंबूला हा वास लागला की वाळवंटातले उंट पळून जातील हो!" आणि जेवायला पहिली तीच बसायची. सुकट संपत आली तशी ती माझ्या पिशवीची राखण करायला लागली.

संध्याकाळी मी उघड्यावरच अंथरायचे. तंबूत मला कोंडल्यासारखं व्हायचं. दिवसभर तापलेला कातळ अंधार पडल्यावरही ऊबदार राहतो. ह्यांना उचलून उचलून माझी कंबर गेली होती. तेल लावलं, पट्टा बांधला, काही गुण आला नव्हता. तिथे पाठ टेकली की शेक द्यावा तशी ती ऊब कमरेत शिरायची. डोळा लागायचा तो पहाटे चहाच्या आवाजाला उघडायचा. उघडला की आधी हात बाजूला चाचपडायचा. कोणाची कूस बदलली नाही, कोणाला पाणी दिलं नाही. आणि अंग कसं हलकं लागत असायचं. ते हलकं लागणंच मला सोसत नव्हतं.

फोन संध्याकाळी करायचे. सड्यावर रेंज चांगली असते. पहिल्या संध्याकाळी नणंदेला विचारलं, "जेवले हे?"

"जेवलो."

"काय जेवले?"

"जेवान जेवलो. आनी काय जेवतलो, चिरे?"

"पेज पातळ केलंस मा?"

"केलंय गो बाय. तू करपलंस काय नाय अजून?"

"ह्यांका फोन दी."

ह्यांचा श्वास ऐकू आला. मग "हं."

"तुमी बरे आसास मा?"

"हं."

दिवसभर जे बघितलं ते सांगावं असं वाटत होतं. कातळावर कोणी जुन्या काळी कोरलेला मासा बघितला, दोन हात लांब, लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून बोरं खायचो तोच. पण अंथरुणावरच्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "ऊन खूप आसा हंय." जणू माझे हालच चालले आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नणंद फोनवर तुटक बोलायला लागली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकदा ताट पडल्याचा आला.

"काय पडला गो?"

"मांजर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी कुळथाची पिठी जाळली. चष्मेवाली म्हणाली, "आज ताईंनी भात तरी वाचवला." सगळ्या हसल्या, मीही हसले. इतक्या मोठ्याने की माझाच आवाज मला परका वाटला. घरी मी अशी हसत नाही. घरी हसायला काय असतं, असं म्हणायची सवय होती. मग लक्षात आलं की ते म्हणणं माझंच होतं. हे कधी म्हणाले नव्हते, हसू नको म्हणून.

पाचव्या संध्याकाळी फोन उचललाच नाही. तीनदा केला, चारदा केला. बाई म्हणाल्या, चार्जिंग संपलं असेल. मी मान हलवली. पण मला दिसत होती ती देवळाची पायरी, आणि मी परत घातलेल्या चपला. न मागितलेला कौल देव कसा देणार? त्या दिवशी पहिल्यांदा कातळ माझ्या पाठीला टोचला.

उजाडताना फोन लागला.

"पडलो तो," नणंद म्हणाली. "मागल्या दारान भायर जाय होतो, पायरेर घसारलो. कपाळाक वायच लागला. डॉक्टराक दाखवलंय, काय नाय म्हणालो. तेच्यातच माजो फोन रवलो घराक."

"एकटे जाय होते?"

"मगे काय ढोल-ताशे घेवन जातलो?"

"तुका सांगलेलंय ना, उठूक देव नको म्हणान!"

"वयनी, ऐक..."

"मी येतंय."

"कित्याक? गो, येव नको, ऐक तरी..."

मी फोन बंद केला.

बाईंना सांगायला गेले. हे पडले, एवढंच म्हटलं. "मग आधी निघा," त्या म्हणाल्या. पण मला निघतानाही धड निघता येईना. पुढे तीन दिवसांची वाट होती आणि पाण्याच्या जागा माझ्या डोक्यात. कोळशाने कातळावर रेघा ओढून मी त्यांना दाखवलं, इथे आंब्याची बाग, तिथल्या राखणदाराला सांगा, तो टाकीतलं देईल. इथे खाण लागेल, पाणी हिरवंगार दिसेल, पिऊ नका. चष्मेवाली वाकून बघत होती. थट्टा तिने त्या दिवशी केली नाही. तांदूळ, पीठ त्यांच्याकडे दिलं. बाईंनी माझ्या रिकाम्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली घातली. मी काढून ठेवली, त्यांनी परत घातली. खाली रस्त्यावर पाणी मिळणार होतं मला. त्यांना नव्हतं.

हायवेला येऊन एसटी धरली. कंडक्टर माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "मावशे, हिमालयात चललंस काय?" बाजूची बाई सुकटीच्या वासाने खिडकीकडे सरकली. मी बाटलीतलं पाणी प्यायले नाही. कसालला उतरून मालवणची गाडी मिळेपर्यंत उभी होते, तेव्हाही नाही.

घरी पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. बेड्यापाशीच, म्हणजे आमच्या फाटकापाशीच, माझे पाय थांबले. अंगणात मांडवाखाली हे बसले होते. कपाळाला पांढरी पट्टी. पुढे स्टुलावर ताट, ताटात भात आणि माशाची आमटी. आणि हे जेवत होते. डाव्या हाताने. घास अर्धा तोंडात जात होता, अर्धा सदऱ्यावर. दाढीला भाताची शितं. समोर पायरीवर नणंद बसली होती, दोन्ही हातांना फडकी गुंडाळून.

"भात पेरतंस काय रे दादा दाडयेर? पावसात लावणी करूक होयी मगे!"

आणि हे हसले. वाकड्या तोंडाने, आवाज करून हसले. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

मग ह्यांनी मला बघितलं. हसू थांबलं. डावा हात ताटातून निघाला आणि मांडीवर जाऊन पडला. आणि ह्यांनी तोंड उघडलं. घासासाठी. माझ्याकडे बघत, उघडं तोंड घेऊन बसून राहिले.

मी पुढे झाले, माझा हात ताटाकडे गेलाच होता.

"हात लावशीत तर बघ हां, वयनी!" नणंद ओरडली.

मी पिशवी तिथेच टाकली आणि मागच्या दाराने विहिरीवर गेले. ती माझ्या मागोमाग आली. तिच्या हातांवरची फडकी मी आता नीट बघितली.

"ह्या काय झाला तुज्या हातांका?"

"काजीचा त्याल," ती म्हणाली. "इलंय तेच्या आदल्या दिवशी बियो फोडलंय. हय इल्यार दुसऱ्या दिवसाक हात सोलान इले. ह्या हातान तेका भरवतलंय कशी? ताट फुडे ठेवलंय, म्हटलंय, तूच खा बाबा. उजवो चलना नाय तर डावो आसा मा?"

"डाव्या हातान जेवचा?"

"उपाशी मरण्यापरीस बरा."

दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं त्याच आठवड्यात ह्यांनी डावा हात ताटाकडे नेला होता. मीच धरला होता तो हात. डाव्या हाताने जेवतात काय, मी आहे ना, असं म्हणून पुसून मांडीवर ठेवला होता. आमच्यात लहान पोराने जरी डावा हात अन्नाला लावला तरी फटका मिळतो. माणसं बघायला येत होती. नवऱ्याला डाव्या हाताने जेवायला बसवलंय, असं कोणी म्हणू नये एवढंच मला कळत होतं. त्यानंतर ह्यांनी तो हात पुन्हा ताटाकडे नेला नाही. मी तो दोन वर्षं मांडीवर ठेवायला लावला. सगळे म्हणायचे, नवऱ्याचं करावं तर हिने. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

"फोनार कित्याक सांगलंस नाय?"

"सांगलंय असता तर तू धावत येतलंस. बघ, पडलो म्हणान सांगलंय, इलंस मा?"

मग मी रडत तिला ते दुसरंही सांगून टाकलं. म्हटलं, मी कौल घेतलंयच नाय गो. खोटा बोललंय तुका. म्हणान पडले हे.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "तू गेलंस तेच्या दुसऱ्याच दिवशी गुरव वाटेर गावलो. म्हणालो, तुजी वयनी पायरेवरसून फाटी गेली. मगे मीच घेतलंय कौल तुज्या नावान. पयलो डावो दिल्यान. परत घेतलंय, परत डावो. म्हटलंय, देवा, माज्या हातांकडे बघ, ही बाय वायच भायर रवांदे. मगे दिल्यान उजवो. इतक्यांदा ईचारल्यार देव पण कटाळता."

मला हसूही येईना.

"आता जा परत तेंच्यात," ती म्हणाली. "जा आनी पुरा चलान ये."

"ह्यांका असा सोडून?"

"तू आसलंस काय तो तोंड उघडता. बघलंस मा आता?"

मी ह्यांच्यापाशी गेले. ताट तसंच होतं, आमटी गार झाली होती. मी विचारलं, "जावं?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग जड जिभेने, अक्षर ओढत म्हणाले, "जा." ते रागाने म्हणाले की मोकळ्या मनाने, हे मी तेव्हापासून कितीदा ऐकून बघितलं आहे. कधी एक वाटतं, कधी दुसरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. बाई आणि त्या तिघी मला आंब्याच्या बागेपाशी भेटल्या, राखणदाराने दिलेल्या माचावर बसलेल्या. चष्मेवाली धावत आली आणि आधी माझ्या पिशवीत सुकट आहे का ते बघितलं. मी नवीन आणली होती. त्यांनी घरचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, बरे आहेत. पुढचं त्यांना सांगितलं नाही, सांगायला मला जमलं नसतं. मालवणला समुद्रापाशी पोचल्यावर चौघींनी बूट काढून पाण्यात पाय घातले आणि कोळिणींच्या टोपल्यांपुढे उभं राहून फोटो काढले. बाईंनी मला वाळवंटात यायला विचारलं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, त्यांना कळलं नसेल, मलाही नाही.

त्या शेवटच्या दोन दिवसांत चालताना मी मनाला सांगत होते की हे ह्यांच्यासाठी आहे. मी नसले की हे हात उचलतात, म्हणून मी नसावं. पण पाठीला तोच ऊबदार कातळ आवडत होता आणि झोप तशीच लागत होती. आपल्याला जे हवं तेच दुसऱ्याच्या भल्याचं निघालं की माणसाने स्वतःवर किती विश्वास ठेवायचा, ते मला समजत नाही.

नणंद आता तिच्या घरी गेली आहे. ह्यांना डाव्या हाताने पुरतं जेवता येतं असं नाही. चमचा धरतात, घास सांडतो, कधी कंटाळून ताट ढकलून देतात. काठी घेऊन भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जातात. पण मी समोर असले की अजूनही तोंड उघडतं. मुद्दाम नाही, ह्यांनाही ते कळत नाही. आणि माझा हात जातो, मलाही कळत नाही. म्हणून मी आता ताट वाढते, पाण्याचा तांब्या डाव्या बाजूला ठेवते आणि विहिरीवर येऊन बसते. शेजारणी बघतात. परवा एक दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशी, "पयली किती करी होती गो घोवाचा! आता ताट आदळता आनी भायर बसता." मी पाणी ओढत राहिले.

हे लिहिते ती वेळही तीच. लेकीची जुनी वही आहे, वर रहाटावरून पाणी टिपकतं म्हणून मांडीवर पदर घेऊन लिहिते. आत चमचा वाजतोय. मघाशी काहीतरी मोठं पडलं, बहुतेक आमटीची वाटी. मी उठले, दारापर्यंत गेले. आतून ह्यांनी एक शिवी हासडली, ट्रक चालवायचे तेव्हा द्यायचे तशी, अर्धीमुर्धी पण कळली. मग चमचा परत वाजायला लागला. मी आत न जाता परत येऊन बसले आहे.